साठीतली पंडिता



पंडिता रमाबाईंवर बोलणार म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात काय काय येतं, हे मला साधारण ठाऊक आहे. कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली 'सरस्वती' ही पदवी, हंटर आयोगापुढची साक्ष, इंग्लंड-अमेरिकेचा प्रवास, शारदा सदन आणि मग तो १८९३चा गाजलेला वाद. सदनातल्या मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला येऊन बसतात, बाई आपल्या खोलीचं दार उघडं ठेवतात, यावरून पुण्यात गहजब झाला. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. मराठी माणसाच्या स्मरणातल्या रमाबाई साधारण इथे संपतात.

तेव्हा त्यांचं वय होतं पस्तीस. त्यानंतर त्या आणखी एकोणतीस वर्षं जगल्या, आणि पुण्यापासून फार लांबही नाही, सोलापूरच्या लोहमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं, तिथे. माझा आजचा विषय या दुसऱ्या रमाबाई आहेत, आणि त्यातही त्यांची अखेरची सतराएक वर्षं. पांढऱ्या सुती लुगड्यातली, कानांनी अधू, जन्मभर शाकाहारी राहिलेली एक बाई. त्या काळात पन्नाशी गाठली की बाईला म्हातारी म्हणत, आणि त्या हिशेबाने ही म्हातारीच. या बाईने आशेचं काय केलं, एवढंच मला तपासायचं आहे.

'आशेचं काय केलं' असं मुद्दाम म्हणतो. श्रद्धाळू माणसांच्या चरित्रात आशा बहुधा भावनेच्या खात्यावर मांडलेली असते. संकट आलं, प्रार्थना केली, मनाला उभारी आली. रमाबाईंचे ख्रिस्ती चरित्रकारही कित्येकदा तसंच लिहितात आणि आमच्यासारखी बाहेरची माणसं कंटाळून पुस्तक मिटतात. दुसऱ्या बाजूला आमची पाठ्यपुस्तकं. त्यांनी 'समाजसुधारक' हा शब्द उचलला आणि ख्रिस्त तेवढा हलक्या हाताने वगळून टाकला. दोघांच्याही हाती अर्धीच बाई लागली. केडगावला काय झालं ते समजून घ्यायचं तर श्रद्धा आणि काम ही दोन वेगळी प्रकरणं करून चालत नाही.

सुरुवात दुष्काळापासून करावी लागते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे वेदशास्त्रसंपन्न. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना गावकीचा रोष पत्करावा लागला आणि ते सह्याद्रीच्या रानात गंगामूळला जाऊन राहिले. रमाबाईंचा जन्म तिथला, १८५८चा. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरलं. होतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेलं. १८७०च्या दशकात दुष्काळ आला तेव्हा घरात दाणा नव्हता आणि अंगात कष्टाचं कसब नव्हतं. मजुरीला जायचं कसं, हे कुणी शिकवलंच नव्हतं. भीक मागायची लाज, हमाली करायची लाज. झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली बहीणभावंडं पायी हिंडत हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली. तो भाऊही १८८०मध्ये गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारींशी लग्न केलं, आणि दोन वर्षांच्या आत पटकीने नवराही गेला. पदरात दहा महिन्यांची मनोरमा होती. चोविसाव्या वर्षापर्यंत या बाईने जितके मृत्यू पाहिले, तितके पाहिल्यावर 'उद्या बरं होईल' असं वाटायला काही आधार उरत नाही. त्यामुळे पुढे त्यांच्यात जी आशा दिसते तिला आशावादी स्वभाव म्हणून निकालात काढता येत नाही.

मग ती कुठून आली? इंग्लंडला त्या गेल्या त्या डॉक्टर व्हायला. कानांच्या दोषामुळे वैद्यकीचं दार बंद झालं. वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे त्या राहत होत्या. त्या भगिनींचं लंडनच्या फुलहॅम भागात एक काम चाले. समाजाने ज्यांना 'पतित' ठरवून टाकलं होतं अशा बायकांसाठीचं ते घर होतं. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या चकित झाल्या. त्यांनी वाचलेल्या धर्मशास्त्रांत अशा बाईला प्रायश्चित्त होतं, शिक्षा होती, परत येण्याची वाट नव्हती. इथे तिच्यासाठी बिछाना होता, काम होतं आणि तिला नावाने हाक मारणारी माणसं होती. हे लोक असं का करतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट काढली. पाच नवरे झालेली, गावाने टाकलेली ती बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माची चर्चा करतो. सप्टेंबर १८८३मध्ये रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात जो आक्रोश झाला तो झालाच. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, हे अधूनमधून आठवायला हरकत नाही.

बाप्तिस्मा झाला म्हणून बाई मुकाट झाल्या, असं काही नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७मध्ये प्रसिद्ध केला आहे. तो वाचताना मला तर त्या बिचाऱ्या सिस्टरचीच दया येते. रमाबाई बिशपांच्या अधिकाराला प्रश्न विचारतात, त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका घेतात, मनोरमेने काय शिकावं हे आपण ठरवणार असं ठणकावतात. एका धर्मसत्तेतून सुटून दुसरीच्या हाती जायला त्या राजी नव्हत्या. १८९७च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांची जी हेळसांड चालली होती तिच्यावर त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रातच जाहीर पत्र लिहिलं आणि ते प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. मिशनऱ्यांची कळसूत्री बाहुली अशी त्यांची जी प्रतिमा रंगवली गेली तिच्यात हे पत्र कुठे बसवायचं, ते रंगवणाऱ्यांनी सांगावं.

१९०७मध्ये त्यांनी आपली 'साक्ष' लिहिली. तिच्यात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. विद्वान बाईने ख्रिस्ती मत बुद्धीने पत्करलं होतं. जगण्याला टेकू मिळाला तो पुढे, १८९०च्या सुमारास. मी स्वतः श्रद्धावंत नाही, तेव्हा आतून काय घडलं ते सांगण्याचा माझा अधिकार नाही. बाहेर जे घडलं ते मात्र लिहिलेलं आहे, जमिनीवर उभं आहे.

केडगावची शंभरएक एकर जमीन घेतली होती ती फळबागेसाठी. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी १८९८ला संपणार होती, म्हणून उत्पन्नाची तजवीज. हा त्यांचा स्वभावच. तेवढ्यात १८९६चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं मरत आहेत ही बातमी वाचल्यावर वीस वर्षांपूर्वीची उपासमार त्यांच्या अंगातून पुन्हा वर आली असणार. त्या तिकडे गेल्या आणि मुली, बाया घेऊन आल्या, तीनशेच्या आसपास. प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुण्यात एवढ्या जणींना ठेवू देईनात. मग बागेतच तंबू ठोकले, झोपड्या घातल्या. मुक्ती सदनाचा जन्म असा गैरसोयीतून झाला. गुजरातच्या छप्पन्नच्या दुष्काळानंतर, म्हणजे १९००च्या सुमारास, तिथे एकोणीसशेच्या आसपास माणसं होती.

एकोणीसशे तोंडं, आणि ठरलेली वर्गणी नाही. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने अनाथालय चालवलं ती पद्धत रमाबाईंनी वाचली होती. माणसांपुढे हात पसरायचा नाही, देवापुढे गरज मांडायची. ऐकायला हे भाबडं वाटतं, आणि माझ्यासारख्याला तर वाटतंच. पण त्याच आवारात काय चाललं होतं बघा. विहिरी खणल्या जात होत्या. माग चालत होते, तेलाचा घाणा होता, गाईगुरं होती, शेती होती, शिवण होतं, छापखाना होता. येणाऱ्या प्रत्येक मुलीने वाचायला शिकायचं आणि हातात एक कसब घ्यायचं, असा तिथला नेम. आता ते डोंगऱ्यांचं घर आठवा. तिथे विद्या भरपूर होती आणि हात रिकामे होते, आणि त्यातून घरात तीन मृत्यू झाले. केडगावला देवावर भरवसा ठेवणारी बाई मागावर सूत चढवून घेत होती. तिच्या लेखी या दोन गोष्टींत विसंगती नव्हती. जो उद्याचं बघतो असा तिचा विश्वास, त्याच्या कामात आपले हात लागणारच, इतकं ते सरळ होतं.

त्या आवारात एक कृपासदन होतं. फुलहॅमला जशा बाया पाहिल्या तशांसाठी. एक प्रीतिसदन होतं, म्हाताऱ्या आणि अपंग बायांसाठी. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. म्हणजे ज्यांचं पुढे काहीच व्हायचं नाही असं जगाने ठरवलेलं, त्यांना गोळा करून त्यांचं 'पुढे' मांडण्याचा हा उद्योग. नवऱ्यामागे डोकं भादरलेल्या आठ-दहा वर्षांच्या पोरीच्या वाट्याला त्या काळात भविष्यकाळ येत नसे.

इथे एक अडचणीची गोष्टही बोलली पाहिजे. १९०५च्या पावसाळ्यात मुक्तीमध्ये जे 'पुनरुज्जीवन' झालं त्याची वर्णनं मला जवळची वाटत नाहीत. शेकडो मुली एकत्र प्रार्थना करतात, रडतात, पापांची कबुली देतात, काही जणी अनोळखी भाषांत बोलू लागतात. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेला मोठं स्थान आहे. मला मात्र प्रश्न पडतो की भुकेच्या तोंडातून वाचलेल्या, जिचं सगळं त्या आवारावर अवलंबून आहे अशा मुलीला 'नाही' म्हणण्याची मुभा कितपत असते. रमाबाईंनी सक्ती केली असा पुरावा मला दिसत नाही. पण उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी अरुंद होत गेली, इतर धर्मांतल्या चांगल्याकडे बघायची त्यांची तयारी राहिली नाही, हे कबूल करावंच लागतं. ज्या मार्गाने आपण वाचलो तोच एक मार्ग आहे असं बुडता बुडता वाचलेल्याला वाटतं. समजण्यासारखं आहे, म्हणून बिनचूक ठरत नाही.

याच सुमाराला त्यांनी अखेरचं मोठं काम हाती घेतलं, आणि माझं मन सगळ्यांत जास्त रमतं ते इथे. त्यांनी पवित्र शास्त्र मराठीत नव्याने उतरवायचं ठरवलं, आणि तेही इंग्रजीवरून करायचं नव्हतं. त्यासाठी त्या हिब्रू शिकल्या, ग्रीक शिकल्या. वय पन्नाशीकडे झुकलेलं, कान जवळजवळ निकामी, अंगावर शेकडो माणसांच्या संस्थेचा भार. शब्द कानांनी ऐकून भाषा शिकायची सोय नाही, सगळं डोळ्यांनी. पुढच्या मुलींना शिकता यावं म्हणून हिब्रूचं व्याकरणही त्यांनी मराठीत तयार केलं.

मराठीत बायबल तेव्हा नव्हतं असं नाही. श्रीरामपूरच्या मिशनने शंभर वर्षांआधीच सुरुवात केली होती आणि ख्रिस्ती मंडळ्यांतून रुळलेलं भाषांतर होतं. रमाबाईंचं म्हणणं असं की ते पंडिती आहे, खेड्यातल्या बाईला कळत नाही. आता हे म्हणतंय कोण? जिला भागवत मुखोद्गत, जिने कलकत्त्याच्या पंडितसभेत संस्कृतात भाषण केलं, ती. मराठीत संस्कृत शब्द टाळून लिहिणं तिला जितकं जड गेलं असेल तितकं त्या काळातल्या कुणालाच गेलं नसेल. आईबापांनी दिलेली एकुलती एक इस्टेट म्हणजे ती भाषा, आणि साठीला पोचताना ही बाई ती बाजूला ठेवून मध्य प्रांतातून आणलेल्या, पंचविशीत पहिल्यांदा अक्षर गिरवणाऱ्या बाईला काय समजेल याचा अंदाज घेत बसलीय. वाङ्मयीन कस लावला तर हे भाषांतर काही ठिकाणी रुक्ष आहे, शब्दाला शब्द लावताना वाक्य अवघडतं. मी ते सुंदर आहे असं म्हणणार नाही. कुणासाठी लिहायचं याबद्दल मात्र लिहिणारीच्या मनात कधी गोंधळ झालेला दिसत नाही.

आणि हे छापलं कुणी? मुक्तीच्या छापखान्यात बायांनी. ज्यांनी जुन्या पद्धतीचा देवनागरी छापखाना पाहिला आहे त्यांना सांगायला नको. इंग्रजीचा खण लहान. आपल्याकडे मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं मिळून शेकडो खिळे. ते उलट्या अक्षरांत ओळखायचे, एकेक उचलून ओळ जुळवायची, ओळी बांधून पान करायचं, मुद्रित काढायचं, चुका दुरुस्त करायच्या, पान छापून झालं की खिळे पुन्हा आपापल्या घरात सोडायचे. जुळाऱ्याचं हे काम तेव्हा पुरुषांचं. केडगावला ते करत होत्या त्या दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुली, आता तिशीत आलेल्या. बायबलची पानं हजाराच्या वर. असं पुस्तक, असे हात आणि भाषांतरकार स्वतः मुद्रितं तपासायला बसलेली. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या छापखान्यावर चार ओळीसुद्धा सहजी सापडत नाहीत, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

नव्या कराराचं काम आधी झालं, जुना करार मागून. त्यात वर्षांमागून वर्षं गेली. १९१९मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिलं. पण त्याच्या पुढची दोन-तीन वर्षं वाईट होती. मनोरमाबाईंचं हृदय अशक्त होतं. आईच्या सगळ्या योजना त्यांच्या खांद्यावर होत्या. शाळा त्या चालवत, गुलबर्ग्याचं काम त्यांनी उभं केलं होतं, मुक्तीचा वारसा त्यांनाच मिळणार हे गृहीत होतं. जुलै १९२१मध्ये त्या गेल्या. वय चाळीस. रमाबाईंच्या रक्ताचं त्यांच्यानंतर कुणी उरलं नाही.

अशा वेळी श्रद्धेने काय दिलं असं विचारलं, तर चरित्रकार सांत्वन म्हणतात. असेल. आईचं दुःख मोजायला मी बसणार नाही. कागदावर जे दिसतं ते असं की संस्थेची पुढची व्यवस्था लावली गेली आणि मुद्रितं तपासणं चालू राहिलं. आणखी नऊ महिने. स्वतःची तब्येत ढासळलेली होती. अखेरच्या दिवसांत त्यांनी देवाकडे दहा दिवसांची मुदत मागितली, तेवढ्यात मुद्रितं पुरी झाली आणि मग त्या गेल्या, अशी आख्यायिका मुक्तीच्या परंपरेत सांगतात. मला त्यातल्या चमत्कारात रस नाही. दहा दिवस कशासाठी मागितले, यात आहे. आयुष्याची शेवटची मागणी म्हणून काना, मात्रा आणि अनुस्वार तपासायला वेळ मागणारी माणसं थोडी.

५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. चौसष्टावा वाढदिवस अडीच आठवड्यांवर होता. संपूर्ण ग्रंथ १९२४मध्ये बाहेर आला. मधली दोन वर्षं उरलेले फर्मे छापले गेले, घड्या घातल्या गेल्या, पानं शिवली गेली, बांधणी झाली. मंडळ्यांनी आपलं जुनं भाषांतर काही सोडलं नाही, विद्वानांनी या ग्रंथाची फारशी दखल घेतली नाही. कामाला जुंपलेल्या बायांना हे होणार याची कल्पना नसेल असं मला वाटत नाही. बाई नव्हत्या, मनोरमाबाई नव्हत्या, आणि सकाळी छापखान्याची घंटा झाली की त्या खिळ्यांपाशी जाऊन उभ्या राहत होत्या.